मोटर बदलण्याआधी

फोर बाय फोर गाडी बाळगणाऱ्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडच्या मंडळींना एक विनंती आहे. डॅशबोर्डवरचा नॉब फोर-लोवर फिरवला, दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि खालून काही आवाज आला नाही, की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं, ‘ट्रान्सफर केसची मोटर गेली.’ त्यावर लगेच मान डोलावू नका. मोटर महाग असते, बऱ्याचदा ऑर्डर देऊन मागवावी लागते, आणि ती बसवल्यावरही दिवा लुकलुकतच राहिला तर पैसे परत मिळत नाहीत.

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगावं लागू नये खरं तर. कंपनीत एक पीस रिजेक्ट झाला तरी आपण व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचा तक्ता भरतो, पाचव्या ‘का’पर्यंत जातो. आणि घरची गाडी अडली की पहिल्याच ‘का’वर पार्ट बदलून मोकळे!

पूर्वी ट्रान्सफर केसला दांडा असायचा. दांड्याला फ्यूज नसतो, त्यामुळे भानगडही नसायची. पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ साली बाहेर पडलेल्या टाटा सफारीच्या फोर बाय फोर गाड्यांनी इकडच्या लोकांना नॉबची सवय लावली. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनमध्ये तोच प्रकार आहे, आणि आकुर्डीच्या फोर्सनेही २०२४ च्या गुरखात दांड्याच्या जागी नॉब दिला. नॉब स्वतः काही हलवत नाही. तो फक्त कंट्रोल युनिटला निरोप देतो. युनिट रिलेमार्फत किंवा थेट बारा व्होल्टची छोटी मोटर फिरवतं, मोटर आतला फोर्क सरकवते, आणि मोटरवरचा पोझिशन सेन्सर ‘पोचलो’ असं उलट कळवतो. ते उत्तर ठरल्या वेळात आलं नाही की दिवा लुकलुकतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की काम पूर्ण झालं नाही. ते कोणी अडवलं, हे तो सांगत नाही.

आधी फुकटातलं बघा. फोर-लो लागायला गाडी उभी हवी आणि गिअर न्यूट्रलला हवा, मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा क्लचही दाबलेला हवा. क्लच पेडलखालचा चिमुकला स्विच खराब असेल तर युनिटला क्लच दाबल्याचं कळतच नाही आणि ते मोटरला करंट सोडत नाही. अशा स्विचपायी चांगली मोटर भंगारात जाऊ शकते. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये चालवून आलात आणि आता टू-हायला येत नसेल, तर आतले गिअर ताणाखाली आवळलेले असतात. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटते. त्यात वायरिंगचा काही संबंध नाही.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, पुढचं नंतर. त्यानंतर फ्यूज, तोही काढून, नुसता वरून बघून नव्हे.

खरी गोम पुढे आहे. मेकॅनिक मीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात, आणि तो म्हणतो, ‘करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण बारा दाखवतो. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो, तोटी उघडली की करंगळीएवढी धार येते, तसंच. म्हणून माप घ्यायचं ते मोटरवर भार असताना. कपलर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने मीटरच्या बारीक पिना मोटरच्या दोन जाड वायरींना लावा आणि दुसऱ्या माणसाला नॉब फिरवायला सांगा. त्या दोन-चार सेकंदांत दहाच्या खाली व्होल्ट दिसले तर दोष वाटेत आहे. काहीच दिसलं नाही तर रिले, नॉब, क्लच स्विच आणि युनिट तपासा. पूर्ण बारा असूनही मोटर गप्प असेल, तेव्हाच तिच्यावर संशय घ्या.

वाटेतला दोष शोधायला हेडलाइटचा जुना बल्ब उत्तम. तो साडेचार-पाच अँपिअर ओढतो, सडक्या वायरीला लपायला जागा देत नाही. फ्यूजकडून येणाऱ्या जाड वायरीवर आणि अर्थवर तो लावून बघा. मंद पेटला तर तीच जागा. मात्र सेन्सरच्या बारीक वायरींना बल्ब चुकूनही लावू नका, युनिट जळेल. आणि कपलर उघडून आत नीट बघा. सर्व्हिसिंगला खालून प्रेशरने मारलेलं पाणी आणि ताम्हिणी-मुळशीकडचा पावसाळी चिखल तिथेच साठतो, पिनांवर हिरवट थर धरतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. पेट्रोल-डिझेलने पुसू नका, सील फुगतात.

मोटर काढायचीच वेळ आली तर आधी चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकलेली असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर घरंगळते, आणि खाली माणूस झोपलेला असतो. मोटर बाजूला झाली की केसचा शाफ्ट पान्याने हलवून बघा. चाकं थोडी पुढेमागे करावी लागतील. शाफ्टच जाम असेल तर नवी मोटरही जळणार. शाफ्ट मोकळा असेल आणि मोटर खरंच बसली असेल, तरी ती उघडून बघायला सांगा. कार्बन ब्रश झिजलेले किंवा अडकलेले असतात, ते मोटरी भरणाऱ्या कारागिराकडे बदलून मिळू शकतात.

गॅरेजवाल्यांनाही सांगणं आहे. तुमच्यातले कित्येक हे सगळं जाणतात, पण गिऱ्हाइकाला घाई असते आणि तपासणीचे पैसे द्यायला तो कुरकुरतो. तपासणीची मजुरी वेगळी सांगा आणि घ्या.

आणि गाडीमालकांनो, ती मजुरी द्या. त्याबदल्यात दोन गोष्टी मागून घ्या: भार असताना मोटरवर किती व्होल्ट आले तो आकडा बिलावर लिहून, आणि मोटर बदललीच तर जुनी मोटर पिशवीत घालून.