पत्ता, फलक आणि पॅव्हेलियन

सिडनीच्या नैऋत्येला बँक्सटाऊन नावाचं उपनगर आहे. पर्यटक तिकडे सहसा फिरकत नाहीत. पण तिथल्या क्लबमधून ऑस्ट्रेलियाच्या संघात गेलेली नावं बघा: जेफ थॉमसन, लेन पास्को, स्टीव्ह वॉ, मार्क वॉ. नुसत्या वॉ जुळ्यांनी मिळून २९६ कसोटी सामने खेळले. ही श्रीमंतांची मुलं नव्हती. थॉमसन आणि पास्को पंचबोलच्या सरकारी शाळेत शिकले, वॉ बंधू ईस्ट हिल्सच्या सरकारी शाळेत. पंचबोलला लागूनच लाकेम्बा आहे. तिथे आज मोठी मशीद आहे आणि रमजानच्या रात्री हॅल्डन स्ट्रीटवर खाण्याच्या गाड्यांची इतकी गर्दी होते की आपल्याला मोहम्मद अली रोड आठवावा.

एका उपनगराच्या क्लबमधून देशाचा कर्णधार कसा घडतो? याचं उत्तर १८९३ सालात आहे. त्या वर्षी सिडनीत ठरलं की क्लब विभागांप्रमाणे असतील आणि खेळाडू राहतो त्या विभागाकडून खेळेल. ओळख कोणाची, पैसा कोणाचा, हे नंतर; आधी पत्ता. प्रत्येक क्लबचे वरपासून खालपर्यंत अनेक संघ असतात. पोरगं खालच्या संघात सुरुवात करतं, धावा केल्या की वर सरकतं. पहिल्या संघातून राज्य, राज्यातून देश. आणि कसोटीपटूही मोकळा असला की शनिवारी आपल्या क्लबकडून खेळायला येतो. सोळा वर्षांच्या मुलाला मिचेल स्टार्कसारखा माणूस समोर उभा दिसू शकतो, टीव्हीत नव्हे, बावीस यार्डांवर.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? आपण संघ धर्मावर उभे करत होतो. युरोपियन आणि पारशी खेळत होते, मग हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आले, आणि १९३७ मध्ये 'द रेस्ट' म्हणून पाचवा संघ झाला. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून या पाचव्या संघात. त्यांनी हिंदू संघाविरुद्ध अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. क्रिकेट अफाट होतं, यात वाद नाही. मुस्लिम संघ जिंकला की मोहल्ल्यात आनंद व्हायचा, तोही खोटा नव्हता. पण १९४६ मध्ये ही स्पर्धा संपली ते बरंच झालं असं माझं मत आहे. धर्मावर संघ काढला म्हणजे आतला माणूस तरी सुखी असतो, असंही नाही. पळवणकर बाळू हिंदूंचे सर्वोत्तम गोलंदाज, पण जातीमुळे त्यांना कर्णधारपद कधी मिळालं नाही. पुण्यात तर त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जायचा. मैदानात त्यांचा चेंडू चालत होता, चहाच्या वेळी ते चालत नव्हते.

म्हणून मला क्लब तपासायचा तो पॅव्हेलियनमध्ये. आणि तिथे ऑस्ट्रेलियाचाही कस लागतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पत्त्यावरून संघ काढायचा, तर पत्ता मिळायला देशात शिरू द्यावं लागतं. गोऱ्यांनाच प्राधान्य देणारं स्थलांतराचं धोरण तिथे १९०१ ते १९७३ पर्यंत या ना त्या रूपात टिकलं. १८७७ पासून कसोटी खेळणाऱ्या देशात आदिवासी वंशाचा पहिला पुरुष कसोटीपटू, जेसन गिलेस्पी, १९९६ मध्ये आला. बँक्सटाऊनचाच लेन पास्को घ्या. युगोस्लाव्हियातून आलेल्या कुटुंबाचा हा मुलगा, मूळ आडनाव दुर्तानोविच. पुढे ते बदलून पास्को झालं. फलकावर नाव लागलं, पण ते घरून आणलेलं नाव नव्हतं.

त्यानंतरच्या पिढीत उस्मान ख्वाजा. जन्म इस्लामाबादचा, वाढला सिडनीत. जानेवारी २०११ मध्ये सिडनीतच कसोटी पदार्पण. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला पहिला मुस्लिम. लहानपणी रंगावरून काय काय ऐकावं लागलं, हे त्याने जाहीर लिहिलंय. आडनाव मात्र बदललं नाही.

फवाद अहमदची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्याच्याकडे बालपणीचा पत्ताही नव्हता. पाकिस्तानातल्या स्वाबीचा हा लेगस्पिनर २०१० मध्ये आला आणि आश्रय मागितला. मेलबर्नच्या हॉपर्स क्रॉसिंग या उपनगरी क्लबकडून आणि नंतर मेलबर्न युनिव्हर्सिटी क्लबकडून खेळला. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा क्रिकेटमधली माणसं त्याच्यासाठी उभी राहिली आणि शेवटी मंत्र्यांनी मुक्काम मंजूर केला. २०१३ मध्ये तो देशाकडून खेळला. तेव्हा त्याने एकच विनंती केली: शर्टवर बिअर कंपनीचं चिन्ह नको. बोर्ड आणि कंपनी दोघांनी मान्य केलं. डग वॉल्टर्ससारख्या जुन्या कसोटीपटूला मात्र ते रुचलं नाही. संघाचा पोशाख चालत नसेल तर संघात कशाला, असा त्यांचा सूर.

आमच्या धंद्यात याला 'डिफॉल्ट सेटिंग' म्हणतात. कोणी मुद्दाम तुम्हाला हाकलत नाही, पण सगळी यंत्रणा गृहीत धरते की सामना संपला की बिअर. न पिणाऱ्याने काय करायचं, याचा विचारच झालेला नसतो. जानेवारी २०२२ मध्ये होबार्टला ॲशेस मालिकेचा शेवटचा सामना जिंकल्यावर शॅम्पेन उडू लागली तेव्हा ख्वाजा बाजूला झाला. कर्णधार पॅट कमिन्सने ते पाहिलं, बाटल्या थांबवायला लावल्या आणि त्याला फोटोत बोलावलं. आपल्याकडे ती क्लिप खूप फिरली आणि सगळ्यांनी कमिन्सचं कौतुक केलं. कौतुक करावंच. पण मला विचाराल तर त्याआधी अकरा वर्षं ख्वाजा तिथे टिकून होता, दर वेळी बाजूला होऊन परत येत होता, ते जास्त मोठं.

आता मुंब्रा, भिवंडी, मालेगाव. टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा जोरात आहेत, ट्रॉफ्या माणसाएवढ्या आहेत, संघ बहुतेक 'आपल्या पोरांचे'. त्यातली किती मुलं लेदर बॉलने, नोंदणीकृत क्लबकडून खेळतात? आणि किती संघांत गल्लीपलीकडचा मराठा, दलित, आगरी मुलगा असतो? बाहेर आपल्याला घेत नाहीत, ही तक्रार काही वेळा खरी असते. पण ती प्रत्येक वेळी आधीच मान्य करून आपण आपलाच छोटा पंचरंगी सामना भरवत बसलो, तर शिडीची पहिली पायरीच सापडत नाही. श्रीरामपूरचा जहीर खान मुंबईत आला तो सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये. तिथून पुढचा रस्ता उघडला.

क्लब काढायला दर्गा ट्रस्ट लागत नाही आणि आमदारही लागत नाही. संस्थेची नोंदणी, जिल्हा क्रिकेट संघटनेकडे अर्ज, खेळपट्टीसाठी पालिकेकडे पाठपुरावा, दर रविवारी सकाळी मॅट अंथरणारी चार माणसं. कंटाळवाणं काम आहे. पण नियमावली लिहिताना सभासदत्वाच्या कलमात फक्त वॉर्ड आणि वय लिहा. आणि पहिल्या दिवसापासून ठरवा की चहा सगळ्यांना एकाच किटलीतून मिळेल, रोजा असलेल्याला इफ्तारीच्या वेळेआधी सामना सोडता येईल, आणि उपवास करणाऱ्या संदेशसाठी साबुदाणा वेगळा सांगावा लागणार नाही.