कमरेच्या वर आणि कमरेच्या खाली

दिवाळीच्या अंकात जमाखर्चाची भाषा काढू नये, असा एक संकेत आहे. पण ज्या सणात लक्ष्मीपूजनाबरोबर वहीपूजनही होते, त्या सणात एखाद्या वहीचे पान उलटून पाहिले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. ही वही इंग्लंडच्या सरकारची. तिच्या खर्चाच्या बाजूला अपंगांची नावे आहेत, आणि ती बाजू फार जड झाली, असे त्या सरकारला एके दिवशी वाटू लागले.

सरकार मजूर पक्षाचे, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धानंतर आजाऱ्याला मोफत औषधपाणी देणारे कल्याणकारी राज्य ज्याने उभारले, तोच हा पक्ष. १८ मार्च २०२५ रोजी त्याने एक पत्रिका काढून अपंगांच्या आणि आजाऱ्यांच्या भत्त्यांना कात्री लावण्याचा मनोदय जाहीर केला. २०२९-३० पर्यंत वर्षाला सुमारे ५०० कोटी पौंड वाचायचे होते. पुढच्याच आठवड्यात सरकारच्या स्वतःच्या खात्याने हिशेब मांडला, की या उपायांनी २,५०,००० माणसे नव्याने दारिद्र्यात जातील आणि त्यांत ५०,००० मुले असतील. एवढा हिशेब छापला, आणि तरीही बेत पुढे चालूच ठेवला!

आता हा भत्ता म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कारण आपल्याकडच्या दिवाणखान्यांतूनही ‘फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो’ हे वाक्य सुपारी कातरावी तितक्या सहजपणे उच्चारले जाते. त्याचे इंग्रजी नाव ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’. आपण त्याला स्वावलंबन-भत्ता म्हणू. २०१३ पासून जुन्या भत्त्याच्या जागी तो आला. तो बेकारीचा भत्ता नव्हे. नोकरी करणाऱ्या अपंगालाही तो मिळतो, कारण अपंगपणाचा म्हणून एक वेगळा खर्च असतो आणि तो पगारदाराला चुकत नाही. धडधाकट माणूस बसने जातो तिथे याला टॅक्सी करावी लागते. विजेवर चालणारी चाकाची खुर्ची रोज रात्री वीज खाते. ज्याला हालचाल करता येत नाही त्याची खोली थंडीत अधिक वेळ तापवावी लागते. हा खर्च भरून निघावा, एवढाच या भत्त्याचा हेतू.

तो मिळवायला परीक्षा द्यावी लागते. स्वयंपाक, जेवण, आंघोळ, शौच, कपडे घालणे, बोलणे, वाचणे, चार लोकांत मिसळणे अशी रोजच्या जगण्याची दहा कामे. प्रत्येक कामात तुम्ही किती लंगडे पडता त्याचे गुण. एकूण ८ गुण झाले की २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ७३.९० पौंड आणि १२ झाले की ११०.४० पौंड. शाळेत गुण कमी पडले म्हणून रडणारी मुले आपण पाहिली आहेत. येथे आपण किती निकामी आहोत हे परक्या माणसासमोर सिद्ध करून गुण मिळवायचे असतात!

नवा बेत असा होता, की एकूण ८ गुण पुरे नाहीत. कोणत्या तरी एका कामात निदान ४ गुण हवेत. नोव्हेंबर २०२६ पासून हे लागू करायचे होते. ऐकायला किती साधे! पण आंघोळीचे कोष्टक पाहा. कमरेखालचे अंग धुवायला दुसऱ्याचा हात लागत असेल तर २ गुण. टबात उतरायला आणि बाहेर यायला लागत असेल तर ३. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुवायला लागत असेल, तर ४. कपड्यांचेही तसेच: खालचे वस्त्र चढवायला मदत लागली तर २, वरचे चढवायला लागली तर ४. म्हणजे ज्याला कमरेखाली धुवायला माणूस लागतो, विजार चढवायला माणूस लागतो, शौचाला उपकरण लागते आणि स्वयंपाकालाही उपकरण लागते, त्याचे गुण होतात बरोबर ८. जुन्या नियमाने तो अपंग. नव्या नियमाने त्याला दैनंदिन मदतीपोटी एक पेनीही नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरी अभ्यंगस्नान होते. आई तेल लावते, उटणे लावते, आणि मूल कितीही आढेवेढे घेवो, पायाच्या बोटांपर्यंत चोळून काढते. कमरेपर्यंत आले की ‘आता पुढचे तुझे तू’ असे कोणत्या आईने म्हटल्याचे कोणी ऐकले आहे काय? कमरेच्या खाली माणुसकी २ गुणांची आणि वर ४ गुणांची, हा शोध लावायला सरकारी खातेच पाहिजे.

बरे, सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. करोनाच्या साथीनंतर भत्ता मागणाऱ्यांची संख्या फार वाढली, त्यांत मानसिक आजारांचे लोक पुष्कळ, आणि तिजोरीला तळ असतो. ‘आम्हाला लोकांना कामाला लावायचे आहे,’ असे मंत्री म्हणत. पण त्यासाठी जो भत्ता कामाशी बांधलेलाच नाही तो कापून काय साधणार? कचेरीला जाणाऱ्या अपंगाचे टॅक्सीभाडे काढून घ्या. तो काम अधिक करील की सोडील? लबाडांचे म्हणाल तर २०२३-२४ च्या सरकारी तपासणीतच या भत्त्यातील लबाडी एक टक्क्याच्याही खाली निघाली. उलट ज्यांना भत्ता नाकारला जातो आणि जे न्यायाधिकरणापर्यंत जातात, त्यांतल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघे जिंकतात. चुकते कोण, ते उघडच आहे.

आणि एकट्या अपंगाचेच हे नाही. त्याची आठवड्याला ३५ तास शुश्रूषा करणाऱ्या बायकोला, मुलीला वा भावाला तिथे वेगळा भत्ता असतो, आणि तो या भत्त्याला टांगलेला आहे. एक खिळा उपटला की दोन्ही तसबिरी खाली.

मला सर्वांत अधिक चीड येते ती मधल्या काळाची. मार्चमध्ये घोषणा, जुलैमध्ये मतदान. ते साडेतीन महिने लाखो माणसे आपापले जुने कागद काढून गुण मोजत बसली. त्या देशात या खात्याचे पत्र खाकी पाकिटातून येते, आणि दाराच्या फटीतून ते पाकीट पडलेले पाहून छातीत धस्स होते, असे अपंग लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ज्यांचा आजार एक दिवस बरा आणि चार दिवस वाईट, त्यांचे तर विचारूच नका. बऱ्या दिवशी बागेत जाऊन बसावे तर कोणी पाहील, आणि घरात बसावे तर मन खाते. मंत्रिमहाशय म्हणतील, हा तर नुसता प्रस्ताव होता. अहो, ज्याच्या डोक्यावर तो टांगला आहे त्याची झोप प्रस्तावानेही उडते. आणि उडालेली झोप कोणत्या अंदाजपत्रकात जमा धरतात?

शेवटी त्याच पक्षाचे १२० हून अधिक खासदार बिथरले. १ जुलै २०२५ रोजी चर्चा चालू असतानाच सरकारने ४ गुणांचे कलम मागे घेतले, विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले आणि भत्त्याच्या फेरविचाराचे काम सर स्टीफन टिम्स या मंत्र्यांकडे सोपवले गेले. अपंगांच्या संघटनांचा हा मोठाच विजय. पण आजारामुळे काम न करू शकणाऱ्यांना मिळणारी वेगळी रक्कम एप्रिल २०२६ पासून नव्याने येणाऱ्या बहुतेकांसाठी सुमारे निम्मी करण्याचे कलम मात्र तसेच राहिले. म्हणजे मार्चमध्ये ज्याला अर्धांगवायू झाला तो एका दराचा रोगी, आणि पुढे ज्याला झाला तो अर्ध्या दराचा!

हे सारे वाचून ‘साहेबांचे चोचले’ म्हणणारे आपल्यात निघतील. त्यांनी आपलीही वही उघडावी. केंद्र सरकारचे अपंग निवृत्तिवेतन २००९ साली सुरू झाले; महिना २०० रुपये. २०१२ साली ते ३०० झाले आणि २०२५ पर्यंत तो आकडा हललेला नाही. तेही कोणाला, तर दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला. कायदा ४० टक्क्यांना अपंग म्हणतो, निवृत्तिवेतन ८० टक्क्यांना ओळखते. इंग्लंडला कात्री लावायची तर पत्रिका काढावी लागते, खासदारांची बोलणी खावी लागतात. आपल्याकडे तेरा वर्षे नुसते गप्प बसले तरी डाळ-तेलाचे भाव ते काम बिनबोभाट करतात. मग कोण कशाला बंड करील? २०१५ पासून सरकारदप्तरी अपंगाला ‘दिव्यांग’ म्हणू लागले. नाव दिव्य झाले, रक्कम मर्त्यच राहिली.

महाराष्ट्राचे श्रेय महाराष्ट्राला दिले पाहिजे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेत राज्य आपली भर घालते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांचे १,५०० रुपये २,५०० करण्याचा निर्णय झाला. पण तो आपोआप झालेला नाही. त्याआधी आंदोलने झाली, उपोषणे झाली. आणि वाढ झाली तरी हयातीचा दाखला घेऊन कचेरीचा जिना चढायचा तो अपंगानेच.

केंद्राच्या बाबतीत तर दयेची याचनाही करायला नको. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते, की अशा योजनांत अपंगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के अधिक रक्कम द्यावी. केंद्राच्या योजनेत विधवेला ३०० रुपये मिळतात. त्यावर २५ टक्के म्हणजे ३७५. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे, आणि तेव्हापासून दर महिन्याचे हे ७५ रुपये अपंगांचे सरकारकडे येणे आहेत.