ज्याचा रकाना नाही, त्याची नोंद नाही

साप्ताहिक सदर : देहभान

शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं 2025 च्या जानेवारीत देशभर गाजली. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, मग केस हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणालाच सूट नाही. संशय आधी शाम्पूवर गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. खाऱ्या पाण्याच्या या खारपाणपट्ट्यात कोणतंही दुखणं आलं की खापर पाण्यावर फुटतं, आणि बहुतेक वेळा ते अगदीच अन्यायाचं नसतं. पण या वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या खर्चाने नमुने तपासून घेतले आणि बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. त्या गव्हात सेलेनियम प्रमाणाच्या कितीतरी पट आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

सेलेनियम म्हणजे काही निव्वळ विष नव्हे. शरीराला ते लागतं, दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम. 400 मायक्रोग्रॅमच्या वर रोज जायला लागलं की मात्र ते उलटतं, आणि उलटल्याची पहिली खूण केस आणि नखांवर दिसते. चीनच्या हुबेई प्रांतात 1960 च्या दशकात नेमकं हेच झालं होतं. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही कृषिशास्त्रज्ञांनी फार आधी लिहून ठेवलेलं आहे. कोणत्या पोत्यातून काय आलं, कोणी काय मान्य केलं, तो वाद इथे उकरायचा नाही. मला बोलायचंय त्या पोळीबद्दल. माणसं ती पोळी रोज खात होती आणि जिभेने एक अवाक्षर काढलं नाही.

बावस्करांचं उभं आयुष्य विंचवात गेलं. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणूस पाहता पाहता जायचा; त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपाय त्यांनी रूढ केला. विंचू टोचतो ते विष मोजायला मिलिग्रॅमचं मापही मोठं पडावं. तरी चावलेला माणूस घर डोक्यावर घेतो. कारण ते विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या झडपांना थेट जाऊन भिडतं, त्यांना नीट मिटू देत नाही, आणि ‘दुखतंय’ हा निरोप थांबायचं नावच घेत नाही. एकाच डॉक्टरच्या हाताखालून गेलेली ही दोन विषं. एक बोंब मारून येतं, दुसरं चपातीच्या घासाबरोबर मुकाट आत जातं.

आपली ज्ञानेंद्रियं म्हणजे तलाठ्याचं दप्तर आहे. रकाने ठरलेले, ज्याचा रकाना नाही, त्याची नोंद नाही. शरीरात हे रकाने म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यात बसलेली प्रथिनं. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात, डॉक्टर मंडळी रिसेप्टर म्हणतात. ठरावीक रसायन येऊन चिकटलं, ठरावीक ताण पडला किंवा ठरावीक तापमान ओलांडलं, की त्या प्रथिनाचा आकार बदलतो. काहींच्या पोटातच झडप असते, काही शेजारच्या झडपेला इशारा देतात. झडप उघडली की सोडियम, कॅल्शियमचे भारित कण आत घुसतात आणि विजेचा ठोका मेंदूकडे निघतो. मेंदूच्या हाती एवढंच लागतं, ठोके. ते कोणत्या तारेतून आले यावरून तो ठरवतो, हे गोड, हे गरम, हे टोचलं.

त्यामुळे त्याला फसवणंही सोपं. आपल्याकडचा ठेचा घ्या. तिखट ही चव नाहीच मुळी. साधारण 43 अंशांच्या वर उघडणारी एक झडप आहे, भाजतंय हे सांगणारी. मिरचीतलं कॅप्सेसिन तीच झडप गार जिभेवर उघडतं. मेंदू बिचारा आग लागली असं समजून घाम सोडतो, नाक वाहायला लावतो. ही झडप डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधून काढली आणि 2021 चं नोबेल, दाबाच्या ग्राहींचा माग काढणाऱ्या आर्डेम पातापुटियन यांच्या जोडीने, त्यांना मिळालं.

रकाना असला तर मात्र हे शरीर कमाल करतं. खामगाव हे कापसाचं जुनं गाव. तिथे कापूस पारखणारा माणूस एकदा जवळून पाहा. बोंडातला एक पुंजका घेतो, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढतो, तुटलेले तंतू एकावर एक रचतो, पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा. मग धागा किती लांब ते मिलिमीटरमध्ये सांगतो, आणि बोटं चोळून ओल किती तेही. बोटाच्या पेराखाली वेगवेगळे ग्राही दाटीने बसलेले असतात: काही स्थिर दाब मोजणारे, काही घसरणं टिपणारे, काही नुसती थरथर पकडणारे. स्वीडनमध्ये 2013 साली झालेल्या एका प्रयोगात माणसांच्या बोटांनी 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या सपाट पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखल्या. केसाची जाडी याच्या हजारो पट असते. इतकं तल्लख बोट कापसावर फवारणीचा अंश राहिलाय का हे मात्र सांगू शकत नाही.

रकाना नसण्यापेक्षा मला जास्त घोर लावते ती दुसरी गोष्ट. रकाना असतो, आणि तो हळूहळू नोंद घेणंच थांबवतो.

संग्रामपूरकडच्या एका घरात पाहिलेला प्रसंग. पुण्याला दिलेली लेक दिवाळीला आलेली. माठातलं पाणी ओतून घेतलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आई, किती खारं झालंय गं पाणी!” आई चुलीजवळून उठलीही नाही. “आमाले तं काईच लागत नाई. तुयीच जीभ पुण्याची झाली.” दोघीही खरं बोलत होत्या. जिभेवर लाळ कायम असते आणि लाळेत मीठ असतंच. जीभ त्या मिठाला शून्य धरून पुढचं मोजते. रोजचंच पाणी खारं असेल तर शून्याची खूणही वर सरकते. उलटही होतं. आहारातलं मीठ काही महिने कमी ठेवलं की जुन्या सवयीची भाजी खारट लागायला लागते, हे प्रयोगांनी दाखवलंय. मीठ फारच झालं तर कडू-आंबट सांगणाऱ्या पेशीही जाग्या होऊन ‘थुंक’ म्हणतात, असं उंदरांवरच्या 2013 च्या प्रयोगांत दिसलं. पण थुंकायचं कुठे, दुसरं पाणी नसेल तर?

आणि इथे सरकारी मानकही जिभेच्या मागे मागेच चालतं. पाण्यात क्लोराइड लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम झालं की नवख्या जिभेला ते कळतं. भारतीय मानकात इष्ट मर्यादा 250 आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांचंही तसंच, 500 आणि नाइलाज असेल तर 2000. पूर्णेच्या खोऱ्यातली बुलडाणा, अकोला, अमरावतीची शेकडो गावं हा नाइलाज पिढ्यान्‌पिढ्या पीत आली. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, हंड्याच्या काठावर पांढरी खापरी, हे सगळं डोळ्यांना दिसतं तरी. नायट्रेट 45 च्या वर आहे की फ्लोराइड दीडच्या वर, हे ना दिसत, ना चवीला कळत.

आता मूत्रपिंड. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत किडनीचे रुग्ण हा विषय नवा नाही. पाण्यावर संशय आहे, मधुमेह-रक्तदाब आहेतच, आणि उन्हात राबणाऱ्या अंगातलं पाणी आटणं हेही आहे. कारणांची वाटणी अभ्यासकांनी करावी. शरीराच्या बाजूने एवढं नक्की सांगता येतं की मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याला दुखणं कळवणारे तंतू जवळपास नाहीतच. ते आहेत बाहेरच्या वेष्टनात आणि लघवी वाहून नेणाऱ्या मार्गात. म्हणून हरभऱ्याहून लहान खडा नळीत अडकला तर माणूस गडबडा लोळतो, आणि निम्मी किडनी निकामी झाली तरी तो शेतात फवारणी करत असतो. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा तोवर पुष्कळदा मर्यादेतच दिसतं. गंमत म्हणजे मूत्रपिंडात मीठ मोजणाऱ्या पेशी आहेत, चांगल्या काटेकोर आहेत. पण त्यांचा अहवाल तिथल्या तिथे वापरला जातो, आपल्या जाणिवेपर्यंत येत नाही.

त्यातच जे अवयव बोलतात त्यांचीही तोंडं आपण बंद करतो. दिवसभर वाकून निंदण केलं की कंबर धरते. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि वेदनेचे ग्राही अधिक हळवे होतात. दुखण्याची गोळी ती द्रव्यंच अडवते. दुकानात दोन-पाच रुपयांत मिळते, चहाबरोबर घेतली की दुसऱ्या दिवशी कामाला मोकळं. पण मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवायला, विशेषतः अंगात पाणी कमी असताना, हीच द्रव्यं लागतात. बोलणाऱ्या कंबरेला गप्प करायचं आणि त्याची किंमत न बोलणाऱ्या अवयवाकडून वसूल करायची, असा हा व्यवहार आहे. चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या दुकानदाराला आणि मागणाऱ्याला, दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही. कसं वाटेल? दुखत काहीच नाही.

शरीराला रकाना नसेल तर माणसाने तो आखून दिल्याचं एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे 18 मार्च 1937 रोजी शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक पोरंच. त्यानंतर अशा वायूत उग्र वासाचं द्रव्य मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्या सिलिंडरमध्ये ते काम इथाइल मरकॅप्टन करतं. नाकात त्याच्यासाठी रकाना आहे आणि तो भलताच तीक्ष्ण आहे. ज्याला शरीर पकडू शकत नाही, त्याला पकडता येईल अशा वस्तूच्या गळ्यात बांधून दिलं. गळती ओळखायची जबाबदारी गृहिणीच्या नाकावर टाकण्याआधी तिच्या नाकाला कळेल अशी सोय केली.

गव्हाच्या बाबतीत आपण याच्या नेमकं उलट वागतो. अन्न महामंडळ गहू घेतं तेव्हा काय पाहतं? ओल 12 टक्क्यांच्या आत, फार तर दर कापून 14 पर्यंत. काडीकचरा पाऊण टक्का. आकसलेले-फुटके दाणे 6 टक्के. खराब दाणे 2. हे सगळं चाळणी, काटा आणि डोळा यांनी कळणारं आहे. अनुभवी अडत्या मूठभर दाणे हातात घेऊन, एक दाताखाली कटकन फोडून यातलं बरंच तुम्हाला तोंडी सांगेल. म्हणजे शासनाची तपासणी माणसाच्या इंद्रियांचीच नक्कल आहे. जे बोटाला, नाकाला, दाताला कळतं तेच पुन्हा मोजायचं. बोटाला जे कळणारच नाही ते मोजायला तर यंत्रणा हवी होती!

पाण्यात निदान सुरुवात झाली आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी किट देऊन शिकवायचं ठरलं. थेंब टाकायचा, रंग बदलला की नायट्रेट-फ्लोराइडचा अंदाज घ्यायचा. किट कपाटात पडून आहे की वापरात, हे तुमच्या ग्रामपंचायतीत विचारून बघा. गावोगावच्या आरोच्या जारवाल्यांकडे टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, मोजणारी पेनासारखी यंत्रं आली आहेत, आकडा दाखवून ते पाणी विकतात. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते एवढंच पाहतं. क्षार कोणते, जंतू आहेत का, याचा त्याला पत्ता नसतो. आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

गव्हाच्या प्रत्येक पोत्याची रासायनिक तपासणी करा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या प्रत्येक खेपेतून गोदामात एक नमुना काढावा, जड धातू आणि सेलेनियमसाठी तो तपासावा, निकाल येईपर्यंत ती खेप उचलू नये, आणि आकडा रेशन दुकानाच्या त्याच फळ्यावर लिहावा जिथे साठा आणि भाव लिहितात. एका खेपेत हजारो क्विंटल असतात, एका नमुन्याचा खर्च त्यात विरघळून जाईल. तो अन्न महामंडळाने करायचा की राज्याच्या पुरवठा खात्याने, हे त्यांनी आपसात मिटवावं. कार्डधारकाने त्या भांडणात पडायचं कारण नाही.