पोटरी उडते, झोप उडते

रविवारी वर्तमानपत्राच्या घडीतून एका तपासणी केंद्राचं पत्रक घरोघरी पडलं. 'स्नायू फडफडतात? रात्री दचकून जाग येते? दुर्लक्ष करू नका!' असा लाल अक्षरांतला मथळा. खाली जीवनसत्त्वं, थायरॉइड, क्षार अशा चाचण्यांची लांबलचक यादी, शिवाय सुया टोचून करायच्या स्नायूंच्या तपासणीवर सवलत आणि तळाला आश्वासन की डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. अशा पॅकेज चाचण्या विनाकारण करू नयेत, असं या स्तंभात पूर्वी लिहिलं होतं. तेव्हा 'चाचणी केल्याने नुकसान तर काही होत नाही ना?' असं विचारणारी पत्रं आली होती. नुकसान होतं. ज्याच्यासाठी हे पत्रक छापलं आहे, त्या माणसाचं तर नक्की होतं.

तो माणूस कसा असतो? ठाण्यातले एक बँक अधिकारी, वय चाळिशीच्या आसपास, गेला सबंध पावसाळा पोटरी उडते या भीतीत होते. रात्रीचे दोन वाजलेले असत. स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते मोबाइलचा टॉर्च पोटरीवर तिरका धरत, कारण तिरक्या उजेडात कातडीखालची हालचाल नीट दिसते. कधी मिनिटभर काहीच नाही. मग गुडघ्याखाली चार बोटांवर बारीकसा खळगा पडे आणि भरे. की लगेच उठून ओट्यापासून दारापर्यंत टाचांवर चालायचं, परत येताना चवड्यांवर. पायातला जोर कमी झालेला नाही ना, याची ती परीक्षा. "अहो, झोपा आता," असा आतून आवाज आला की टॉर्च बंद होई, पण बोट पोटरीवरच राही. इतक्यांदा टाचांवर चालून आणि दाबून पाहून पोटऱ्या दुखायला लागल्या. मग दुखणं हेच नवं लक्षण ठरलं.

फोनवर त्यांना तीन अक्षरं सापडली होती, एएलएस. स्टीफन हॉकिंग यांना एकविसाव्या वर्षी जडलेला तो आजार. त्यात मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि स्नायू फडफडतात हेही खरं. युरोपात या आजाराचे दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. फडफड मात्र घराघरात आहे.

एक चेतापेशी स्नायूतल्या अनेक तंतूंना एकदम हलवते. तिच्या टोकाकडून कधीकधी हुकमावाचून एखादा संदेश सुटतो, तेवढा गट आकसतो आणि कातडीवर ते दिसतं. अतिश्रम, जागरण, चहा-कॉफीचा मारा, दम्यासाठी ओढायचं सालब्युटामॉल, थायरॉइडचा अतिरेक, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम घटणं, यांपैकी कशानेही ते वाढतं. पुष्कळदा कसलंच कारण हाती लागत नाही. रीड आणि कर्लंड यांनी १९६३ मध्ये निरोगी माणसांकडे विचारपूस केली तेव्हा दहांतल्या सातांनी आपले स्नायू असे उडतात असं सांगितलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशी निरुपद्रवी फडफड असलेल्या १२१ जणांचा दोन ते बत्तीस वर्षं मागोवा घेतला. १९९३ साली तो अहवाल आला. त्यांतल्या एकालाही हा चेतापेशींचा आजार झाला नव्हता.

झोप लागता लागता कड्यावरून पडल्यासारखा जो झटका बसतो, त्याचीही गत हीच. तो बहुतेकांना कधी ना कधी बसतो, आणि जागरण, चहा, ताण यांनी वाढतो. म्हणजे ज्या रात्री भीतीने झोप येत नाही त्याच रात्री पोटरी जास्त उडते, झटकेही जास्त बसतात. जागं राहून पुरावा शोधणाऱ्याला पुरावा मिळतोच.

एवढं वाचून भीती जायला हवी. जात नाही. मेयोच्या त्या १२१ जणांत जवळजवळ एक तृतीयांश लोक वैद्यकीय क्षेत्रातलेच होते. २०१३ मध्ये सायमन आणि कीरनन या ऑस्ट्रेलियातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी फडफडीच्या धास्तीने पछाडलेल्या वीस डॉक्टरांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणालाही एएलएस झाला नाही, पण ज्यांनी आयुष्यभर इतरांना 'काही नाही, घरी जा' असं सांगितलं, त्यांना स्वतःच्या दंडाकडे पाहून ते वाक्य म्हणता आलं नव्हतं. तेव्हा ठाण्याच्या बँकवाल्यांना 'तुम्ही फार वाचता' असं हिणवण्यात अर्थ नाही. माहिती कमी पडली म्हणून ते फरशीवर बसलेले नाहीत.

निरुपद्रवी आणि जीवघेण्या फडफडीतला खरा फरक कळतो तो यवतमाळच्या कपाशीत.

२०१७ चा खरीप. जुलैपासून पुढचे काही महिने यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक आजारी पडत गेले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. कपाशी त्या वर्षी डोक्यापर्यंत वाढलेली, गुलाबी बोंडअळीने शेतकरी बेजार, पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. फवारा वर धरायचा आणि तोच अंगावर झेलायचा. वापरात निरनिराळी कीटकनाशकं आणि त्यांची मिश्रणं होती. त्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषंही होती. या गटाचं विष शरीरात काय करतं ते या आठवड्याच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन हुकूम पोचवतं आणि कोलिनेस्टरेज नावाचं विकर लगेच ते पुसून टाकतं. विष या विकरालाच निकामी करतं. हुकूम पुसलाच जात नाही. स्नायू फडफडायला लागतात, पापणीपासून पोटरीपर्यंत, मग थकतात, मग लुळे पडतात, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूही थांबतात.

डोळ्यांना दिसणारी फडफड ठाण्यात आणि यवतमाळात सारखीच. दोन पोटऱ्या शेजारी ठेवून नुसतं पाहत बसलं तर चांगल्या डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. वेगळं असतं ते सगळं भोवतालचं. विषबाधेच्या रुग्णाला घाम फुटलेला असतो, तोंडातून लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, उलट्या आणि जुलाब होतात, छाती भरून येते आणि तो सकाळी फवारणीला गेलेला असतो. त्याला तासाभराच्या आत ॲट्रोपिन हवं असतं. एएलएसचा रुग्णही बहुधा फडफड सांगत येत नाही. तो सांगतो की चप्पल पायातून निसटते, पाऊल घसटतं, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, बोलणं जड झालंय, घास अडकतो. तपासताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस झडलेलं दिसतं. असं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला एक आठवडाही लावू नये. टाचांवर दार गाठणारा, ऑफिसचे दोन मजले रोज चढणारा, पण पोटरी उडते म्हणून झोप नसलेला माणूस या दोन्हींत बसत नाही.

आणि सोयीसुविधांचा हिशेब पाहा. ठाण्याच्या माणसाच्या दारात चिठ्ठीवाचून सतरा चाचण्या आल्या आहेत, त्यातली एकही त्याच्या दुखण्याला हात लावणारी नाही. फवारणीच्या हंगामात ज्या एका चाचणीने जीव वाचवण्याची घाई कळते, ती रक्तातल्या कोलिनेस्टरेजची चाचणी मात्र कापसाच्या प्रत्येक तालुक्यात मिळायला हवी, हे अजून मागावंच लागतं. फवारणाऱ्याच्या फडफडीकडे 'उन्हाने झालं असेल' म्हणून पाहिलं जातं आणि बँकवाल्याच्या फडफडीवर पत्रकं छापली जातात. तपासण्या गरजेच्या मागे न जाता खिशाच्या मागे जातात, हे या स्तंभाचं जुनंच रडगाणं आहे, पण त्याचं इतकं उघडंवाघडं उदाहरण क्वचित सापडतं.

दोघांनाही हवा होता तो एकच माणूस. घाम, बाहुल्या, चप्पल, बटण, मांस, झोप, फवारणी, घरातली काळजी हे सगळं एका खोलीत, एकाच बैठकीत पाहणारा डॉक्टर. फॅमिली डॉक्टर. तो संपत चालला आहे आणि त्याची जागा चाचण्यांच्या यादीने घेतली आहे. एक चाचणी 'नॉर्मल' आली की यादीतली पुढची उरतेच.

ही 'पुढची'च धास्तीचं खाद्य असते. वॉरविक आणि साल्कोव्स्किस या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं की दिलासा मिळाला की भीती काही तास उतरते आणि मग अधिक मोठा दिलासा मागत परत येते. ठाण्याच्या गृहस्थांनी सुयांची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली, त्या रात्री ते गाढ झोपले. चार दिवसांनी शंका उभी राहिली की तपासणी फार लवकर झाली असेल, आजार अजून उमटला नसेल. पायांपुरत्या सुया टोचल्या, जिभेचं काय? मग आरशासमोर जीभ बाहेर काढून बसणं सुरू झालं. बाहेर काढून ताणून धरलेली जीभ निरोग्याचीही थरथरते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

या चक्रातून बाहेर काढणारी एक साधी गोष्ट वैद्यकाला १९८६ पासून ठाऊक आहे. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग मांडला होता. एका मागून एक दुखणी सांगत राहणाऱ्या रुग्णांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एक पत्र धाडलं गेलं. रुग्णाला चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी बोलवा, दुखणं वाढण्याची वाट पाहू नका. प्रत्येक वेळी हाताने तपासा. स्पष्ट खूण दिसल्याखेरीज चाचण्या आणि शस्त्रक्रिया टाळा. 'हे सगळं तुमच्या मनात आहे' असं म्हणू नका. एवढंच. उपचारांवरचा खर्च ५३ टक्क्यांनी उतरला. पन्नास वर्षांपूर्वीचा सदाशिव पेठेतला किंवा गिरगावातला डॉक्टर हे पत्र न वाचता हेच करत असे, असं म्हटलं तर आकडेवारी विचारली जाईल आणि ती देता येणार नाही. पण ज्यांनी तो डॉक्टर पाहिला आहे त्यांना ते पटेल.

झोपेचं वेगळं काही नाही, पण गोळ्या मात्र सर्रास दिल्या जातात. अल्प्राझोलाम 'थोडे दिवस' म्हणून सुरू होते आणि वर्षानुवर्षं उशाशी राहते. दीर्घकालीन निद्रानाशावर आधी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. रोज उठायची वेळ एकच. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, टॉर्चशिवाय. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. झोपेचे गुण देणारं मनगटी यंत्र कपाटात.

ही धास्ती खरी आहे, आणि ती जीवही घेते. स्वीडनमधल्या चार हजारांहून अधिक निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०२३ च्या डिसेंबरात आला. आजाराच्या तीव्र भीतीने ग्रासलेल्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ८४ टक्क्यांनी जास्त निघालं, आत्महत्येचा धोका सुमारे चौपट. मरणाला भिणारी माणसं आधी मरत होती. 'काही झालेलं नाही तुला' असं म्हणून ज्याला दाराबाहेर पाठवलं जातं, त्याला काहीतरी झालेलंच असतं आणि त्याच्यावर उपचार आहेत.

ते उपचार महाग नाहीत. पीटर टायरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या हृदयरोग, छाती, पोट, मेंदूविकार अशा विभागांत येणाऱ्या धास्तीग्रस्त ४४४ रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. पाच ते दहा बैठकांत, तपासून पाहणं हळूहळू कसं कमी करायचं आणि 'कदाचित' या शब्दासोबत कसं राहायचं, हे शिकवलं गेलं. फरक दोन वर्षांनंतरही टिकून होता. आणि ही शिकवणी देणाऱ्यांत थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही होत्या. त्यांच्या रुग्णांना गुण चांगला आला.

परिचारिका महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आहेत. त्यांतल्या काही जणींना या बैठका मराठीतून घ्यायला शिकवायचं काम एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने येत्या वर्षी हाती घ्यावं, अशी या स्तंभाची मागणी आहे, आणि यवतमाळच्या महाविद्यालयाने पुढाकार घेतला तर अधिकच आनंद. तोवर रात्री दोन वाजता फोन हातात असेलच, तर शोधायच्या जागी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो टेली-मानसचा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.