मास्तर आणि मिस्त्री

वर्गात मी एक वाक्य निदान पंधरा वर्षं वापरलं. गृहपाठ न केलेल्या, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलाला उभं करायचं आणि म्हणायचं, "शिकायचं नसेल तर सांग, उद्यापासून गॅरेजमध्ये लावा म्हणून तुझ्या अब्बांना निरोप देतो." वर्ग हसायचा. मुलगा मान खाली घालायचा. मला वाटायचं, चला, धडा मिळाला.

हे वाक्य मला बीएडला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी घरातच ऐकलं होतं. माझा धाकटा भाऊ नववीत गणितात नापास झाला आणि अब्बांनी त्याला खरोखरच गॅरेजमध्ये लावलं. मी शिकत राहिलो, उर्दू आणि मराठीचा मास्तर झालो. तो मिस्त्री झाला. घरात कोणताही निर्णय असला की मला विचारलं जायचं. मोटार, मिक्सर, नळ बिघडला की त्याला बोलावलं जायचं. दोघांना वाटून दिलेली ही कामं इतकी वर्षं कुणाला खटकली नाहीत. मलाही नाही.

आमच्या शिराळ्यातल्या घरामागे एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. मॉडेल 1984. गावात तिला पद्मिनी कुणी म्हणत नसे, सगळे फियाटच म्हणत. आणि ते चूक नव्हतं. इटलीच्या फियाट 1100 ची ही इथली आवृत्ती. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. अब्बा ड्रायव्हर होते. त्यांनी 1995 मध्ये ती कऱ्हाडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं लग्नसराईत भाड्याने फिरवली. बत्तीस शिराळ्यात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर आज पन्नाशीला आलेल्या किती बायका या गाडीतून सासरी गेल्या, याची गणती नाही. निकाह असो की लग्न, फुलांच्या माळा त्याच आणि बोनेटही तेच.

2012 मध्ये अब्बा गेले. गाडीवर ताडपत्री टाकली, ती दोन पावसाळ्यांत फाटली. चांदोलीकडून येणारा आमच्याकडचा पाऊस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. पुढे मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

2023 च्या उन्हाळ्यात भंगारवाला दारात आला. किलोचा भाव सांगितला, मी हो म्हणालो. भावाला कळलं तेव्हा तो कामावरून तसाच काळ्या हातांनी आला आणि एवढंच म्हणाला, "भाईजान, अब्बा की गाडी किलो पे देने वाले थे क्या?" भंगारवाला परत गेला, पण भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

मग ऑक्टोबरच्या अखेरीस पेपरात बातमी आली, की 30 तारखेपासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी दिसणार नाही. शेवटची नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची झाली, मुदत संपली. माझ्या मुलीने ती बातमी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "अब्बू, आपली का सुरू होत नाही?" मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, चाचांना विचार. तिने विचारलं. अबोला असा संपला.

पुढचं सव्वा वर्ष रविवार आणि सुट्ट्या गाडीमागे गेल्या. त्यातलं थोडं सांगतो, कारण ते बघताना माझी शिक्षक म्हणून बरीच उलटतपासणी झाली.

इंजिन जाम होतं. मला वाटलं, आता हातोडा निघेल. भावाने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि म्हणाला, आता आठ दिवसांनी. आठ दिवसांनी त्याने फॅनच्या पुलीला हाताने किंचित रेटा दिला. हललं नाही. पुन्हा मिश्रण, पुन्हा आठ दिवस. चौथ्या रविवारी पुली बोटभर फिरली. अडून बसलेल्या वस्तूशी एवढ्या सबुरीने वागणारा माणूस मी कोणत्याही स्टाफरूममध्ये पाहिलेला नाही. अडून बसलेल्या मुलाला मी चाळीस मिनिटांच्या तासात सरळ करायला निघालेला असतो.

ब्लॉक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथे बोअर करून घेतलं, हेड घासून सपाट केलं. पेट्रोलच्या टाकीत गंजाचा चिखल होता. भावाने टाकीत रॉकेल, खडे आणि सायकलची जुनी साखळी टाकली, तोंड बंद केलं आणि घरातल्या सगळ्या पोरांना ती अंगणभर लोळवायला सांगितली. माझ्या बायकोने सीटची कव्हरं घरच्या मशीनवर शिवली. रेक्झिनपायी तीन सुया मोडल्या. रबरी पाइप मात्र भावाने सगळे नवे टाकले, जुने चांगले दिसत होते तेही. कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या मोटारींचं रबर खातं. आमच्याच शिवारातला ऊस फिरून आमच्याच गाडीचे पाइप खाणार, याची त्याला मोठी गंमत वाटली.

एका रविवारी त्याने मुलीला प्लगच्या वायरी लावायला दिल्या आणि म्हणाला, "एक, तीन, चार, दोन." ठिणगी पडण्याचा हा क्रम. का, तर एकामागून एक ओळीने पेटवलं तर क्रँकवर ताण येतो, इंजिन थरथरतं. हे त्याने चार काडेपेट्या मांडून दाखवलं. पॉइंटची फट तो डोळ्याने लावतो. मुलीने शाळेतल्यासारखं फिलर गेजने मोजून पाहिलं, तर 0.45 मिलिमीटर. जितकी हवी तितकीच. गणितात नापास झालेला माणूस हा.

भाषेचा मास्तर असल्याने मला एक खोड आहे, शब्द उलटून बघण्याची. 'मिस्त्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. मूळ शब्द 'मेस्त्रे', अर्थ उस्ताद, गुरू. 'मास्तर' आला इंग्रजी 'मास्टर'वरून. दोन्हींच्या मागे लॅटिनमधला एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ शिकवणारा. म्हणजे मास्तर आणि मिस्त्री हे सख्खे भाऊ. एकाला खुर्ची मिळाली, दुसऱ्याला गाडीखालची गोणपाटाची चवड. उर्दूतला 'हुनर' मराठीत 'हुन्नर' होऊन बसला आहे, तोही आपण फक्त कौतुकाच्या भाषणात वापरतो. जुम्म्याच्या बयानात ऐकतो, की हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर असून लोखंडाची चिलखतं घडवत आणि हाताच्या कमाईवर जगत. मान हलवतो, बाहेर पडतो आणि पंक्चरवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

आमच्या समाजात ही गोष्ट जास्त अवघड आहे, हेही सांगितलं पाहिजे. सच्चर समितीने 2006 मध्ये आकड्यांनिशी दाखवलं, की मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त माणसं आहेत. गॅरेज, वेल्डिंग, पंक्चर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आपलीच पोरं येतात. म्हणून शिकलेल्या मुस्लिम घरांना गॅरेजची जास्तच धास्ती. मुलाच्या हाताला ग्रीस लागलं की वाटतं, गेला हातचा. मी वर्गात जे वाक्य म्हणत होतो त्याच्या तळाशी ही धास्ती होती. पण ते ऐकणाऱ्या पन्नास मुलांपैकी दहा-बारा जणांचे अब्बा मिस्त्री होते. मी त्यांच्या बापांचं नाव शिक्षा म्हणून घेत होतो.

सांगली जिल्ह्यातलीच एक गोष्ट आठवत असेल. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठेक हजार. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. चांगलंच झालं. पण तेव्हा जो तो 'जुगाड, जुगाड' म्हणत होता, तो शब्द मला आवडत नाही. जुगाड म्हटलं, की त्यामागचं ज्ञान मोजायची गरज उरत नाही. गिअरचं प्रमाण, चाकांचा अंतराचा हिशेब, वजनाचा तोल ही सगळी माहिती त्या माणसाच्या डोक्यात होती. ती वहीत असती तर आपण तिला अभियांत्रिकी म्हटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एका गाडीपायी फार हळवे झालात. हा आक्षेप सगळ्यात आधी माझ्या भावानेच घेतला. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने मेकॅनिकलचं नाव काढलं तेव्हा घरातल्या बायका "लोग क्या बोलेंगे" म्हणाल्या ते अपेक्षितच होतं. अम्मीने त्यांना दोन शब्दांत गप्प केलं. पण भाऊ म्हणाला, "इस लाइन में मत डालो बच्ची को." स्वतःच्या मुलालाही तो तेच सांगतो: शीक, नाहीतर माझ्यासारखा होशील. माझंच वाक्य, फक्त आता मिस्त्रीच्या तोंडून.

त्याचं खरंही आहे. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट पट्ट्यात सापडून आखूड झालंय. ना फंड, ना पेन्शन, ना आजारपणाची रजा. नव्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो, त्याचं प्रशिक्षण कंपनीच्या वर्कशॉपबाहेरच्या माणसाला सहजी मिळत नाही. त्यामुळे मी 'पोरांना गॅरेजमध्ये पाठवा' असं मुळीच म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला तिथे ठेवणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मी उलटं म्हणतोय. गॅरेजला शाळेत आणा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा करायला समिती बसली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. हस्तोद्योगाच्या आधारे सगळं शिक्षण, हा त्यांचा आग्रह. आपण त्यांचं नाव उर्दू शाळांना दिलं आणि विचार कपाटात ठेवला. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, ज्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात त्या दिवशी रांगोळी आणि लिंबू-चमचा होतो.

मी भावाला एका शनिवारी माझ्या वर्गावर बोलावलं. "मैं क्या पढाऊँ?" म्हणत तीन वेळा टाळलं त्याने. शेवटी जुना कार्बोरेटर पिशवीत घालून आला, नवा शर्ट घालून. सगळे भाग टेबलावर उघडले. सुईएवढ्या भोकातून पेट्रोल का चढतं, हवा वेगाने गेली की दाब का कमी होतो, हे त्याने अर्धं मराठीत, अर्धं आमच्या दखनीत सांगितलं. विज्ञानाच्या बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. खिडकीबाहेर कुणी बघत नव्हतं. मानधन द्यायचं म्हटलं तर त्यासाठी रकमेची तरतूदच नाही असं कळलं. पाहुण्या वक्त्याला शाल-नारळ मिळतो, मिस्त्रीला चहा मिळाला. पुढच्या वेळी मानधन लेखी मागणार आहे.

राहिली कागदपत्रं. जुन्या गाड्या दारात असलेल्या घरांसाठी हे सांगतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, हा व्हॉट्सअॅपवरचा समज आपल्याकडे चुकीचा आहे. तो नियम दिल्ली परिसराचा. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला, की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. फी मात्र 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली. मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची असते, खरं तर तीन महिन्यांत. आम्हाला बारा वर्षं लागली. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद 2021 पासून होते, पण गाडी पन्नास वर्षांच्या पुढची लागते. आमची तिथे 2034 मध्ये पोचेल.

एकूण खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार, मजुरी न धरता. तेवढ्यात चालू स्थितीतली जुनी मारुती आली असती, हे बायकोने दोनदा सांगितलं आहे आणि मी दोनदा हो म्हटलं आहे.

फॉर्म 31 वर एकच नाव घालता येतं. अम्मीने सगळ्यांसमोर सांगितलं, थोरल्याच्या नावावर करा, कागदाचं काम तोच बघतो. मी फॉर्म घेतला आणि भावाचं नाव लिहिलं. त्याने सही करताना पेन जरा जास्तच जोरात दाबलं, खालच्या कार्बनला भोक पडलं. दुसरा फॉर्म आणावा लागला.

गाडी अजून ऑइल गळते. रोज रात्री मुलगी खाली पुठ्ठा सरकवते आणि सकाळी थेंब मोजून चाचांना फोनवर आकडा कळवते. परवा अकरा होते, आज नऊ.