दुर्मिळ मेंदूविकार : निदानास विलंब नको

तीन वर्षांचे मूल. चालणे, धावणे वेळेवर झाले. बोलणे मात्र उशिरा आले. एके दिवशी ताप नसताना त्यास आकडी येते. अपस्माराचे औषध सुरू होते व घरचे निर्धास्त होतात. काही महिन्यांतच मूल तोल जाऊन पडू लागते, शिकलेले शब्द विसरते. पुढे दृष्टीही जाते. बॅटन रोगसमूहातील ‘सीएलएन-२’ विकाराची वाटचाल बहुधा अशीच असते. टीपीपी-१ या एन्झाइमच्या अभावी पेशींत टाकाऊ द्रव्य साचते व मेंदू झिजत जातो. उपचाराविना बहुतेक मुले बालवयातच दगावतात.

२०१७ साली अमेरिका व युरोपने ‘सेर्लिपोनेज अल्फा’ या औषधास मान्यता दिली. त्याच्या चाचण्या ज्या मोजक्या रुग्णालयांत झाल्या, त्यांत परमधर्मपीठाच्या मालकीचे रोममधील ‘बांबिनो जेझू’ हे बालरुग्णालयही होते. हे औषध दर पंधरवड्याला थेट मेंदूतील द्रवात सोडावे लागते. त्यामुळे ऱ्हास मंदावतो. गमावलेले मात्र परत येत नाही. म्हणूनच २०२४ साली अमेरिकेने ते तीन वर्षांखालील मुलांनाही खुले केले.

खरी अडचण तपासणीची नाही. रक्ताच्या काही थेंबांवरून एन्झाइमची उणीव कळते व जनुकचाचणीने तिची खात्री होते. अडचण आहे ती शंका येण्याची. उशिरा आलेली वाचा आणि विनाकारण आलेली आकडी ही दोन लक्षणे एकत्र दिसताच ही चाचणी व्हावी, असे आम्हांस वाटते.

औषध परवडणार नसेल तर निदान कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला सुमारे ७ लाख डॉलर ठरली होती. आपल्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणातील मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. ही तफावत आम्ही नाकारीत नाही. तरीही निदानामुळे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात होणारी पायपीट थांबते. सदोष जनुक आई व वडील दोघांकडूनही आलेले असते, हे कळल्यावर एकट्या मातेला बोल लावणे थांबते. त्याच जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून धाकट्या भावंडाची तपासणी लक्षणांपूर्वीच करता येते. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. आपल्या परिचयात असे मूल असल्यास त्याच्या पालकांना ही वाट दाखवावी. येथे दवडलेला प्रत्येक महिना त्या बालकाच्या वाट्याचा असतो.