लोणारच्या विवराचें वय

जालन्याहून मंठ्याच्या वाटेनें लोणारास जाऊन आलेल्या एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, घरांतील एका पुस्तकांत तेथील विवराचें वय ५२ हजार वर्षें छापलें आहे, तर धाकट्या दिरानें आणलेल्या दुसऱ्या पुस्तकांत ५ लक्ष ७० हजार. आतां मुलांस कोणतें सांगावें? त्यांतच मामंजींचें म्हणणें असें कीं, लवणासुराची कथा ही आकाशांतून धोंडा पडतांना पाहणाऱ्यांचीच आठवण होय. छापखान्याची चूक कोठेंच नाहीं. दोन्ही आंकडे शास्त्रज्ञांचेच आहेत.

सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर कशानें झालें, हाच वाद प्रथम दीर्घकाळ चालला. १८९६ सालीं अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनीं ॲरिझोनांतील विवर वाफेच्या स्फोटानें झालें असें प्रतिपादितांना लोणारचा दाखला दिला. पुढें दोन्ही विवरें अशनीच्या आघातानेंच झालेलीं ठरलीं! लोणारचा निकाल १९७३ सालीं लागला. आघाताच्या प्रचंड दाबानेंच ज्याची कांच होते असें खनिज तेथील दगडांत सांपडलें.

वय ठरविण्याचें काम त्याहून बिकट. जालना काय, लोणार काय, आपल्या पठाराचा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. तेव्हां दगडाचें वय तें विवराचें वय नव्हे. आघाताच्या क्षणीं जो दगड वितळला, त्याच्या वितळण्याची वेळ काढावयाची. त्याकरितां निसर्गानें दगडांतच घड्याळें ठेविलीं आहेत.

एक घड्याळ अर्गॉन वायूचें. पाषाणांतील पोटॅशियमाचा एक अल्प अंश अतिशय मंद गतीनें अर्गॉनमध्यें रूपांतर पावत असतो. दगड वितळला कीं सांठलेला वायु उडून जातो आणि हिशेब शून्यापासून सुरू होतो. पिंप रिकामें करून पुन्हां थेंबथेंब गळणाऱ्या नळाखालीं ठेवावें, तसें. पाणी किती जमलें, यावरून वेळ कळते. या रीतीनें २०११ सालीं जूर्दां व त्यांचे सहकारी यांनीं ५ लक्ष ७० हजार वर्षें, ४७ हजार इकडेतिकडे, असें वय काढिलें. पण पिंप पुरतें रिकामें झालें नसेल तर? मूळ पाषाण इतका पुरातन कीं, त्यांतील थोडाही अर्गॉन मागें राहिला तर वय फुगून दिसावयाचें. ती शिल्लक गणितानें वेगळी काढून त्यांनीं वजा केली आहे.

दुसरें घड्याळ प्रकाशाचें. किरणोत्सर्गाची थोडीथोडी शक्ति खनिजाच्या स्फटिकांत अडकून राहते. प्रयोगशाळेंत तापविलें म्हणजे ती मंद उजेडाच्या रूपानें बाहेर पडते. उजेड अधिक तितका काळ अधिक. १९९७ सालीं ५२ हजारांचा आंकडा निघाला तो यावरून. येथील खोड उलट दिशेची: मधल्या काळांत दगड पुन्हां तापला तर जमाखर्च कोरा होतो आणि वय कमी दिसतें. सरोवरांतील गाळाचें वय कार्बनवरून काढावें, तर त्या घड्याळाची दृष्टि सुमारें ५० हजार वर्षांपलीकडे पोंचतच नाहीं. शिवाय गाळ विवरानंतरचाच.

आमचा कल मोठ्या आंकड्याकडे आहे. अर्गॉनची शिल्लक निदान ओळखतां येते; पुन्हां पुरता तापलेला दगड मात्र आपली आधींची हकीकत सांगूं शकत नाहीं.

मामंजींस दोन्ही आंकडे प्रतिकूलच. मोठा धरला, तर तो अशनि पाहणारे असलेच तर नेवाशाजवळ चिरकीस सांपडल्या तसल्या दगडी हातकुऱ्हाडी घडविणारे. आणि ५२ हजार धरले तरी इतक्या पिढ्या तोंडोतोंडीं चाललेली कथा आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. खाऱ्या सरोवराच्या काठीं बसून लवणासुर हें नांव तर कोणासही सुचेल!

२०२० च्या जूनमध्यें तें पाणी गुलाबी झालें होतें, त्याविषयींही पृच्छा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तो रंग खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांचा ठरविला. वयाशीं त्याचा संबंध नाहीं.

मुलांनीं वहींत दोन्ही आंकडे सालासह लिहावे. आणि पत्राच्या शेवटीं ज्या काळ्या कांचेच्या खड्याचा कौतुकानें उल्लेख आहे, तो आणावयास नको होता. लोणार हें अभयारण्य आहे. शिवाय उद्यां कोणास तिसरें घड्याळ लावून पाहावयाचें झालें, तर तसलाच खडा लागेल.